हिरवी बाई लाल आहे

दि. ४ नोव्हेंबर

चि. मुंगीस, आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर बघून आधी वाटलं कुणाच्या औषधाची चिठ्ठी चुकून आली. तिसरीत शाळा सोडलेल्या बाईचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, हे मी पोस्टमनला दोन्ही कागद दाखवून कबूल करून घेतलं. तोही बिचारा रोज दारात येतो, नाही म्हणून जाणार कुठे.

फोन का घेत नाही म्हणून पुन्हा विचारू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि या वयात हिला शिट्टी कोण मारतंय म्हणून शेजारीण खिडकीतून डोकावते. पत्र बरं. कागद ओरडत नाही आणि दोनदा वाचता येतो.

तुला कॅज्युअल्टीत पुढच्या टेबलावर बसवलं हे वाचून बरं वाटलं. त्या कामाला तुम्ही ट्रायाज म्हणता. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तराजू वाचलं. तेच नाव बरोबर आहे. कोण जड, कोण हलका, कुणाला आधी आत घ्यायचं नि कुणाला थांबवायचं, तो तराजूच की.

आमच्या वेळी यंत्रं नव्हती. थोरली सिस्टर दारात उभी राहायची आणि माणूस पायऱ्या कसा चढतो ते बघून ठरवायची. दोन्हीकडे उघडणारे झुलते दरवाजे होते. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर नाक आपटून घ्यायचा, मगच तो आमचा व्हायचा. औषध मोजणाऱ्याला सगळे औंस म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. तुझे आजोबा चालवायचे त्या अँब्युलन्सचं मागचं दार दोरीने बांधलेलं असायचं. पेशंट शुद्धीवर असला तर दोरी त्यालाच धरायला लावायचे. फिनेलचा वास इतका, की घरी येऊन दोनदा अंगावर पाणी घेतलं तरी तुझा बाप म्हणायचा, आई आली, दवाखाना आला. अजून कुठे तो वास आला की मी थांबते. लोकांना वाटतं म्हातारीचे गुडघे दुखताहेत.

डोक्याने बिघडलेले पेशंट मागच्या बाकड्यावर बसवायचे. त्या भिंतीपलीकडे वाफेचं मशीन होतं, त्यामुळे पाठ गरम राहायची. थंडीत सगळ्या दवाखान्यातली ती सगळ्यात चांगली जागा, पण तिथे बसायला कुणी राजी नसायचं. मी मात्र तिथे बसून गॉजच्या घड्या घातल्या आहेत. चार पदर, कडा आत, म्हणजे दोरे जखमेत अडकत नाहीत. माझी नोकरी त्या बाकड्यावरूनच सुरू झाली.

तुमच्याकडे त्यांना कुठे बसवतात ते कळव. वेळेवर जेव. लोभ असू दे, आणि लोभ नसेल त्या आठवड्यात निदान पत्र असू दे.

तुझी
आजी

•

दि. ११ नोव्हेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. आता आमचा सगळा विभाग त्या कामाला तराजूच म्हणतो. परवा मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा तराजूवर आज कोण आहे म्हणून विचारलं आणि मग स्वतःच गोरेमोरे झाले.

तू विचारलंस म्हणून सांगते. आमच्याकडे चार रंगांच्या पट्ट्या आहेत, त्या मनगटाला बांधायच्या. लाल म्हणजे आत्ता. नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत. पिवळा म्हणजे तासाभरात डॉक्टरांनी बघायचं. हिरवा म्हणजे थांबलं तरी चालेल. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास, सगळं यंत्र सांगतं. अडचण होते ती तुझ्या मागच्या बाकड्यावरच्या लोकांची. त्यांचं सगळं यंत्रात चांगलंच येतं. त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे, नऊ प्रश्नांचा. कुणी आरडाओरडा करत असेल तर सगळ्यांनाच कळतं, मग सुरक्षारक्षक येतात, डॉक्टर धावतात. गप्प बसणाऱ्यांचं फॉर्मवरून ठरवायचं.

बाकडं नाही, खुर्च्या आहेत, जमिनीला ठोकलेल्या. गरम काही नाही. उलट एसीचं तोंड नेमकं तिकडेच आहे.

सोमवारी एक बाई आली होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्याचं काम करते. एकटीच आली, नीटनेटकी, केस चापून बसवलेले. दोन महिने झोप लागत नाही म्हणाली. मी फॉर्म भरला. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हा सातवा प्रश्न, मला तो विचारताना अजून घसा खाकरावा लागतो. ती म्हणाली, ‘पूर्वी यायचे. आता येत नाहीत.’ मी ‘नाही’वर खूण केली आणि तिला म्हटलंसुद्धा की हे चांगलं आहे. ती हसली. मी हिरवी पट्टी बांधली. त्याच वेळी रस्त्यावरच्या अपघाताचे चौघे आले, आणि ती अडीच तास बसून निघून गेली. पट्टी काढून खुर्चीच्या हातावर ठेवली होती, घडी घालून. लोकांना धीर नसतो बघ. तशा न तपासता जाणाऱ्यांची मला वेगळी यादी करावी लागते, तेवढं एक काम वाढलं.

बाबा बरे आहेत. तुझ्या गुडघ्यांचं कळव. ओरडायचं असेल तर कागदावर ओरड, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी
मुंगी

•

दि. १४ नोव्हेंबर

चि. मुंगीस, आशीर्वाद. बाकीचं नंतर.

तुझं पत्र आज सकाळी आलं. ते वाचून मी पायात चपला न घालता किराणेवाल्याकडे गेले आणि त्याला तुझ्या विभागात फोन करायला लावला. त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी तांदूळ स्वतः मोजून दिले. निरोप काय द्यायचा तो मी नीट सांगितला होता, पण तो माणूस मोठं वाक्य पुढे नेऊ शकत नाही. शेवटी त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. जे सांगितलं असेल ते तुला कळलं असू दे.

कळलं नसलं तर हे वाच आणि वाचता वाचता चालू लाग.

त्या बाईने तुला नाही म्हणून सांगितलेलंच नाही. नको ते विचार येतात, म्हणजे माणूस अजून स्वतःशी भांडतंय. एक म्हणतं जा, एक म्हणतं थांब. विचार यायचे आणि आता येत नाहीत, म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. एक, भांडण थांबलं आणि थांबणारा जिंकला. ती माणसं दवाखान्यात येऊन अडीच तास बसत नाहीत. दुसरी कुठली ते तुला सांगायला नको. ठरलं की कुणी विचार करत बसत नाही. तू लग्नाला काय नेसायचं ते ठरल्यावर पुन्हा कपाट उघडतेस का?

आणि ठरल्यावरही ती तुमच्या दारात आली. का आली हे तिला विचार. जा.

आजी

•

दि. १६ नोव्हेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

निरोप पोचला. आमच्या कारकुनाने घेतला आणि कागदावर जसाच्या तसा लिहून माझ्या टेबलावर ठेवला: ‘आजी सांगतात, हिरवी बाई लाल आहे.’ तो म्हणाला, चुकीचा नंबर लागलेला दिसतो. मी तो कागद एकदाच वाचला. आजी, मला काही समजावून सांगायला लागलं नाही. ते वाक्य गेले पाच दिवस माझ्याच कानात होतं, मी ते ऐकलं नव्हतं एवढंच.

यादीतून तिचा नंबर काढला. उचलला नाही. समाजसेविका बाईंना घेतलं, चौकीतल्या हवालदाराला घरचा पत्ता दिला, आणि टेबल दुसरीच्या हवाली करून आम्ही दोघी दुकानावर गेलो. मालक म्हणाला, मागे आहे, आठवडाभर जेवायलासुद्धा उठत नाही, इतकं काम तिने कधीच केलं नव्हतं. तो खुश होता.

ती मागच्या खोलीत चाकापाशी बसली होती. भिंतीवर खणाखणांची फळी, प्रत्येक खणात एका गिऱ्हाइकाचा चष्मा आणि चिठ्ठी. सोमवारी तिथे अकरा होते म्हणे. आता दोन उरले होते. मला ओळखून तिने चाक बंद केलं. मी या वेळी फॉर्मच्या शब्दांत विचारलं नाही. मी विचारलं, ‘हे दोन झाल्यावर काय?’ ती माझ्या गणवेशाची बटणं मोजत असल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, लोकांना आंधळं ठेवून जायचं बरं वाटेना.

दवाखान्यात का आलात हेही विचारलं, तुझं पत्र तोवर पोचलं नव्हतं, पण विचारलं. तिला माहीत नाही. म्हणाली, कुणी आडवं येतं का ते बघायला असेल.

तिला ते दोन पुरे करूनच निघायचं होतं. मी नाही म्हटलं. तसेच राहू देत, परत येऊन करा. त्यावर ती चिडली, आणि आजी, तिला चिडलेलं बघून मला इतकं बरं वाटलं. तिचा भाऊ आला. आता ती भरती आहे, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बघितलं, रात्रंदिवस कुणीतरी शेजारी आहे.

एवढं सगळं नीट झालं. पण मी बदलीचा अर्ज दिला आहे. टेबल सोडून गेले म्हणून मेट्रनबाईंनी चौकशी लावली आहे, त्याची भीती नाही. मी तिला ‘हे चांगलं आहे’ म्हटलं होतं, ते जात नाही. दोन चष्मे कमी असते तर? लसीकरणात जागा आहे. तिथे बाळं रडतात आणि घरी जातात. तुझ्याकडे असं एका वाक्यात ओळखण्याची नजर आहे, मला ती नाही, आणि त्या टेबलावर नजर नसलेल्या माणसाने बसू नये. अर्जावर तीस तारखेला सही होणार आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी आशीर्वादाची ओळ गाळू नकोस.

मुंगी

•

दि. २१ नोव्हेंबर

चि. मुंगीस, आशीर्वाद. गाळलेले नाहीत, बघ.

नजर म्हणे. सव्वीस वर्षं आयाचं काम केलं म्हणून मला नजर आली असं तुला वाटतं. तुझ्या बापालाही तेच वाटतं, कारण आम्ही त्याला तेच सांगितलं. आता तू अर्ज घेऊन बसली आहेस तर खरं सांगते. कागदावर सांगायला सोपं आहे, समोरचं तोंड दिसत नाही.

तुझी आत्या चार वर्षांची होऊन तापाने गेली, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. त्याबद्दल मी लिहिणार नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी मी भांडी घासली, तुझ्या बापाचे कपडे वर्षाचे पुरतील असे दुरुस्त करून ठेवले, आणि मला फार हलकं वाटलं. तुझ्या आजोबांना वाटलं बाई सुधारली, फक्त झोपत नाही एवढंच. म्हणून ते अँब्युलन्समधूनच मला दवाखान्यात घेऊन गेले. पुढे त्यांच्याजवळ बसवलं, दोरी धरायला लावली नाही.

थोरल्या सिस्टरने विचारलं, नको नको ते मनात येतं का. मी म्हटलं, पूर्वी यायचं, आता येत नाही. शेजारी एक नवा डॉक्टर होता, नाकाला पट्टी लावलेला. त्याने कागदावर लिहिलं, सुधारणा आहे. सिस्टरने तो कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि त्याला इंग्रजीतून काहीतरी ऐकवलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याचे कान बघून अर्थ लागला. मग तिने मला मागच्या बाकड्यावर नेलं, मांडीवर गॉजचा गठ्ठा टाकला आणि म्हणाली, चार पदर, कडा आत, संपल्याशिवाय उठायचं नाही. तो गठ्ठा संपणारा नव्हता. संपत आला की ती दुसरा आणून टाकायची.

तर मी त्या बाकड्यावर आया म्हणून बसले नव्हते. पेशंट म्हणून बसले होते. पुढे सहा महिने रोज नेऊन बसवलं, मग ऑफिसातल्या कुणीतरी म्हटलं, ही काम करतेच आहे तर पगार लावा. घरी आम्ही नोकरी लागली एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं.

आणि तू शहाणपणाने सगळ्यांना गॉज वाटायला जाशील म्हणून सांगते. गॉजने कुणी बरं होत नाही. मी दीड वर्ष गोळ्या घेतल्या, तोंड कोरडं पडायचं आणि पायात शिसं भरल्यासारखं वाटायचं. गॉजने फक्त मला बसवून ठेवलं, गोळ्या लागू पडेपर्यंत.

त्या वाक्यात मला नजरेने काही दिसलं नाही. ते माझंच वाक्य होतं, ते मी पत्रात वाचलं. आपली चप्पल कुणाच्याही दारात माणूस ओळखतो.

आता तुझ्या अर्जाचं. त्या नाकपट्टीवाल्या डॉक्टरने सुधारणा लिहिली होती. तो तिथेच राहिला आणि पुढे बाकड्यावरच्या माणसांशी सगळ्यांत जास्त वेळ तोच बोलायचा. सिस्टर निवृत्त झाली तेव्हा दारात तो उभा राहिला. एकदाही न चुकलेला माणूस त्या टेबलावर बसवला तर तो यंत्रासारखा वागेल, आणि यंत्र तुमच्याकडे आहेच. तू चुकलीस, पाच दिवसांनी उठून गेलीस, आणि बटणं मोजणाऱ्या बाईसमोर बसलीस. लसीकरणात जायचं तर जा, बाळं गोड असतात. पण लायकी नाही असं मला सांगत जाऊ नकोस. माझ्या लिहिण्याच्या हाताला आता कळ लागली.

माया आहे. ती लिहून दाखवायची नसते.

आजी

•

दि. २६ नोव्हेंबर

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र गेले तीन दिवस माझ्या गणवेशाच्या खिशात आहे. बाबांना दाखवलेलं नाही. ते तू सांग किंवा नको सांगूस.

मेट्रनबाईंची चौकशी झाली. टेबल सोडल्याबद्दल बोलणी बसली, नोंद झाली. मग त्यांनी विचारलं की फॉर्ममध्ये काय हवं होतं. मी म्हटलं, सातव्या प्रश्नाखाली एक ओळ: आधी यायचे का, आणि मग काय झालं. छापायला मंजुरी लागेल म्हणाल्या, तोवर पेन्सिलीने लिहा. आता पुढच्या टेबलावरच्या सगळ्या फॉर्मवर ती ओळ मी पेन्सिलीने लिहिते आहे. काल त्या ओळीवर एक कॉलेजातला मुलगा थांबला. मग काय झालं ते त्याने सांगितलं. त्याला नारिंगी पट्टी बांधली आणि दहाच्या जागी सात मिनिटांत डॉक्टर आले.

चष्मेवाली बाई आता जेवते. त्या दोन गिऱ्हाइकांची रोज चौकशी करते. मी दुकानात सांगून ठेवलं आहे की ते खण कुणी हलवायचे नाहीत.

बदलीचं अजून ठरवलेलं नाही. परवा बसमध्ये एक गोष्ट लक्षात आली, ती लिहिते. त्या टेबलावर मी रोज अनोळखी माणसांना सातवा प्रश्न विचारते. घरातल्या कुणाला कधी विचारला नाही. आजोबा गेल्याला दोन वर्षं झाली. तू एकटी असतेस. तुझी पत्रं इतकी हसवतात की आम्ही ती मोठ्याने वाचतो आणि खुश होतो, त्या दुकानाच्या मालकासारखे.

म्हणून ठरवलं की जो प्रश्न आजीला विचारता येत नाही तो इतरांना विचारायचा मला हक्क नाही. विचारता आला तर टेबलावर राहीन.

आजी, नको ते विचार येतात का? यायचे आणि आता येत नाहीत, असं तर नाही ना?

विनोद करू नकोस. नात म्हणून विचारत नाही, टेबलावरची सिस्टर म्हणून विचारते आहे. नात खाली सही करते.

मुंगी

•

दि. २८ नोव्हेंबर

चि. मुंगीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुला वाईट म्हणून घेतलं. मोठ्या माणसाला असं विचारतात का, हे शेजारणीला सांगणार होते, मग लक्षात आलं की काय विचारलं ते तिला सांगावं लागेल. मग चहा केला. मग पत्र पुन्हा वाचलं. एवढं होईपर्यंत दुपार झाली.

थोरल्या सिस्टरनंतर मला हे कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या आजोबांनीसुद्धा नाही. ते रोज मला नेऊन सोडायचे आणि आणायचे, त्यांचं विचारणं तेवढंच.

विचारलंस, तर लिहिते. येतात. आजोबा गेल्यापासून येतात. चार-साडेचारला, ऊन भिंतीवरून खाली उतरतं तेव्हा. मी त्यांच्याशी भांडते आणि बहुतेक जिंकते, माझी जीभ तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात दोन-तीन दिवस असे गेले की मला भांडायचा कंटाळा आला होता. विचार थांबले नव्हते, मीच उत्तर देत नव्हते. मग तुझं ते तराजूचं पत्र आलं आणि तुला उत्तर लिहायला बसावं लागलं.

आणि गुडघ्याच्या डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे, तिथे गुडघ्याच्या जोडीला हेही सांगेन. गोळ्या दिल्या तर घेईन. तोंड कोरडं पडलं तर तुला शिव्या कमी पडतील, तो एक फायदा.

पिवळा असेल तर तासाभरात बघायचं असं तूच लिहिलं होतंस. मला वाटतं मी पिवळी आहे. तासाभराचं मी निभावून नेते, तू रविवारी ये.

वाट बघते आहे, हे पहिल्यांदाच लिहिते आहे. त्याचा बोभाटा करू नकोस.

तुझी
आजी